आतड्यातील जिवाणू आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस: नाते आहे, पण कोणत्या प्रकारचे?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय उपखंडातून, आफ्रिकेतून आणि वेस्ट इंडीजमधून ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांविषयीचे एक निरीक्षण मेंदूविकाराच्या अभ्यासकांना आजही विचार करायला लावते. मोठ्या वयात तिकडे गेलेल्या पहिल्या पिढीत मल्टिपल स्क्लेरॉसिस हा आजार क्वचितच आढळत असे, मात्र त्यांच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांमध्ये त्याचे प्रमाण जवळजवळ स्थानिक इंग्रजांइतकेच असल्याचे 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. बदलले होते ते अंगावर पडणारे ऊन, ताटातले अन्न, पिण्याचे पाणी, बालपणी कोणता संसर्ग कोणत्या वयात होतो याचे वेळापत्रक, आणि या सगळ्याचा परिणाम म्हणून आतड्यात वस्तीला असलेल्या जिवाणूंचा समुदाय. यांपैकी शेवटच्या गोष्टीकडे विज्ञानाने गांभीर्याने पाहायला सुरुवात केली ती साधारण 2011 नंतर. तेव्हापासून हाती आलेली माहिती उत्साह वाढवणारी आहे, आणि तिचा बाजारात होणारा वापर पाहता थोडी सावधगिरी शिकवणारीही आहे.

आधी आजाराविषयी थोडक्यात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टर झां-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचे स्वतंत्र आणि सुसंगत वर्णन केले. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडे जाणारे मज्जातंतू यांवर मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते, आणि त्यामुळे संदेश वेगाने व अचूक वाहतात. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकार यंत्रणा या आवरणावर हल्ला करते. हल्ला जिथे होतो त्यानुसार लक्षणे दिसतात: कोणाची एका डोळ्याची नजर काही दिवसांत अंधुक होते, कोणाचे पाय बधिर पडतात, कोणाचा तोल जातो, तर कोणाला लघवीवर ताबा ठेवणे कठीण होते. बहुतेकांमध्ये सुरुवातीला झटके येतात आणि ओसरतात, पण काही वर्षांनी हळूहळू कायमचे अपंगत्व साचू लागते. आजार साधारणपणे विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयात सुरू होतो, स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळतो, आणि 2020 च्या अंदाजानुसार जगभरात सुमारे 28 लाख लोक तो घेऊन जगत आहेत.

हल्ला करणाऱ्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत, त्या रक्तातून तिथे शिरतात. नॅटालिझुमॅब हे औषध नेमका हा प्रवेशच रोखते आणि त्याने झटके बरेच कमी होतात, यावरून ही गोष्ट पुरेशी स्पष्ट होते. मग प्रश्न उरतो की या पेशी मेंदूत शिरण्यापूर्वी कुठे होत्या, आणि मायलिनविरुद्ध त्या कुठे चिथावल्या गेल्या. शरीरातील प्रतिकार पेशींचा एक मोठा साठा आतड्याच्या भिंतीत असतो, कारण बाहेरच्या जगाशी शरीराचा फार विस्तृत संपर्क तिथे येतो. त्या भिंतीच्या एका बाजूला या पेशी आणि दुसऱ्या बाजूला जिवाणू. 2016 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत केलेल्या हिशेबानुसार माणसाच्या शरीरातील जिवाणूंची संख्या सुमारे 38 लाख कोटी, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या संख्येच्या जवळपास, इतकी आहे, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. कोणत्या परक्या वस्तूला सोसायचे आणि कोणावर तुटून पडायचे, याचे बरेचसे शिक्षण प्रतिकार पेशींना या शेजारातच मिळते.

या तर्काला पहिला भक्कम आधार जर्मनीत मिळाला. म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीड येथील माक्स प्लांक संस्थेत हार्टमुट वेकर्ले आणि गुरुमूर्ती कृष्णमूर्ती यांच्या गटाकडे उंदरांचा एक विशिष्ट वंश होता. या उंदरांच्या टी-पेशी, म्हणजे ठरावीक लक्ष्य ओळखणाऱ्या प्रतिकार पेशी, जनुकीय बदल करून मायलिनमधील एका प्रथिनाला ओळखतील अशा बनवल्या होत्या, त्यामुळे बाहेरून काहीही न टोचता त्यांपैकी बहुतेकांना मल्टिपल स्क्लेरॉसिससारखा आजार आपोआप होत असे. संशोधकांनी हेच उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले. असे उंदीर वाढवणे हे किचकट काम असते: पहिली पिल्ले शस्त्रक्रियेने बाहेर काढावी लागतात, पुढच्या पिढ्या बंद प्लास्टिकच्या कक्षात राहतात, त्यांचे खाद्य, पाणी आणि अंथरायचा भुसा सगळे निर्जंतुक करून आत सोडले जाते, आणि माणसाचा हात आत जातो तो कक्षाच्या भिंतीला कायम जोडलेल्या रबरी हातमोज्यातूनच. या कक्षात उंदीर निरोगी राहिले. जनुके तीच होती, मायलिनविरोधी टी-पेशीही तशाच होत्या, पण आजार झाला नाही. नंतर त्यांच्या आतड्यात सामान्य उंदरांचे जिवाणू सोडले, तेव्हा थोड्याच काळात तो उद्भवला. 2011 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे निष्कर्ष आले. त्याच वर्षी अमेरिकेत सार्किस माझमानियन यांच्या गटाने उंदरांमध्ये प्रयोगासाठी वेगळ्या पद्धतीने घडवलेल्या अशाच आजारात हाच परिणाम दाखवला, आणि लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून राहणारा धाग्यासारखा एकच जिवाणू-प्रकार सोडला तरी दाह वाढवणाऱ्या टी-एच-17 पेशी वाढून आजार होतो, हेही दाखवले.

उंदरांमधला हा पुरावा मला निःसंदिग्ध वाटतो. माणसांविषयी तो जे सांगतो ते मात्र मर्यादित आहे. जंतुविरहित उंदराची प्रतिकार यंत्रणा मुळातच अर्धवट वाढलेली असते, आणि कोणताही माणूस असा जगत नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न असा होता की रुग्णांच्या आतड्यातील जिवाणू निरोगी माणसांपेक्षा खरोखर वेगळे असतात का.

याचे उत्तर शोधणारे सुरुवातीचे अभ्यास छोटे होते, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. त्यात नवल नाही. आतड्यातील जिवाणू वय, वजन, आहार, देश, घेतलेली प्रतिजैविके आणि शौचाच्या सवयी या सगळ्यांनुसार बदलतात, त्यामुळे पन्नास रुग्ण आणि पन्नास निरोगी माणसे घेतली की आजारापेक्षा या इतर गोष्टींचेच फरक अधिक ठळक दिसतात. ही अडचण सोडवण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील सर्जिओ बारांझिनी यांच्या पुढाकाराने अमेरिका, ब्रिटन, स्पेन आणि अर्जेंटिना येथील केंद्रे एकत्र आली आणि त्यांनी एक साधी पण फार उपयोगी युक्ती योजली. प्रत्येक रुग्णाशी तुलना करण्यासाठी त्याच घरात राहणारी, पण रक्ताचे नाते नसलेली व्यक्ती, म्हणजे बहुतेक वेळा नवरा किंवा बायको, निवडली. एकाच स्वयंपाकघरातले अन्न, एकच पाणी, एकच शहर. अशा 576 जोड्यांचा अभ्यास 2022 मध्ये ‘सेल’ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांमध्ये अकरमान्सिया म्युसिनिफिला, आयझेनबर्गिएला तायी आणि आणखी काही जिवाणू अधिक आढळले, तर फीकॅलिबॅक्टेरियम प्राउसनिट्झी आणि ब्लाउटिया गटातील जिवाणू कमी आढळले.

फीकॅलिबॅक्टेरियमची घट समजण्यासारखी आहे. हा जिवाणू आपल्याला न पचणाऱ्या तंतुमय पदार्थांपासून ब्युटिरेट नावाचे छोटे मेदाम्ल बनवतो. ते आतड्याच्या पेशींचे अन्न आहे, आणि दाह आटोक्यात ठेवणाऱ्या नियामक टी-पेशी तयार व्हायला त्याची मदत होते. अकरमान्सियाची वाढ मात्र गोंधळात टाकणारी आहे. आतड्याच्या श्लेष्मावर जगणारा हा जिवाणू मधुमेह आणि स्थूलपणाच्या संशोधनात हितकारक म्हणून गाजला, आणि काही देशांत तो कॅप्सूलमध्ये विकलाही जातो. रुग्णांमध्ये तो वाढलेला आढळला म्हणून सुरुवातीला त्याच्यावर संशय घेतला गेला. त्यानंतर बॉस्टनमधील हॉवर्ड वायनर यांच्या गटाने दाखवले की उपचार न घेतलेल्या रुग्णांच्या विष्ठेत आढळणारा एक सूक्ष्म आरएनए (जनुकांचे काम नियंत्रित करणारा छोटा रेणू) उंदरांना दिला, तर अकरमान्सिया वाढतो आणि उंदरांचा आजार सौम्य होतो. पुढे त्यांच्याच रुग्णांमध्ये अकरमान्सियाचे प्रमाण अधिक असलेल्यांचे अपंगत्व कमी असल्याचेही दिसले. म्हणजे ही वाढ आजाराचे कारण नसून शरीराने केलेला बचावाचा प्रयत्न असू शकते. आगीच्या ठिकाणी बंब दिसला म्हणून बंबाने आग लावली असे कोणी म्हणत नाही, पण जिवाणूंच्या बाबतीत आपण ही चूक सहज करतो.

कारण आणि परिणाम यांची ही अदलाबदल या विषयातली सर्वांत मोठी अडचण आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांना बद्धकोष्ठतेचा त्रास फार वेळा होतो, कारण आतड्याच्या हालचालींवरचे मज्जासंस्थेचे नियंत्रण बिघडते. विष्ठा आतड्यात जास्त वेळ राहिली की जिवाणूंचे प्रमाण आपोआप बदलते. त्यात औषधांचा परिणाम, कमी झालेले चालणे-फिरणे आणि बदललेला आहार यांची भर पडते. तेव्हा ‘रुग्णांमध्ये अमुक जिवाणू जास्त आढळले’ एवढ्या वाक्यावरून जिवाणूंनी आजार आणला, असे कधीही म्हणता येत नाही.

या कोंडीतून वाट काढण्याचा सर्वांत चांगला प्रयत्न पुन्हा म्युनिकच्याच गटाने केला. त्यांनी जर्मनीतील अशी एकसारखी जुळी भावंडे गोळा केली ज्यांच्यापैकी एकाला आजार आहे आणि दुसऱ्याला नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण पाव ते एक-तृतीयांश एवढीच असते, म्हणून अशा जोड्या मिळतात. जनुके तीच, बालपणही बहुधा एकाच घरात गेलेले. 34 जोड्यांच्या पहिल्या अभ्यासात दोघा भावंडांच्या जिवाणूंच्या यादीत फार मोठा फरक दिसला नाही. मग संशोधकांनी काही जोड्यांच्या विष्ठेतील जिवाणू आधी उल्लेखलेल्या जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडले. आजारी भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांमध्ये मेंदूचा आजार लक्षणीयरीत्या अधिक प्रमाणात उद्भवला, आणि त्यांच्या प्रतिकार पेशी दाह शमवणारे इंटरल्युकिन-10 हे प्रथिन कमी बनवत होत्या. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला.

2025 मध्ये त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. 81 जोड्यांच्या विष्ठेची तुलना केल्यावर काही जोड्यांमध्ये एंडोस्कोपीने लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून नमुने घेतले, कारण प्रतिकार पेशी आणि जिवाणू यांचा निकटचा संपर्क तिथे येतो, आणि विष्ठेत जे दिसते ते मुख्यतः मोठ्या आतड्याचे चित्र असते. हे नमुने उंदरांना दिल्यावर आजारी पडलेल्या उंदरांच्या आतड्यात लॅक्नोक्लॉस्ट्रिडियम आणि आयझेनबर्गिएला तायी हे जिवाणू फोफावलेले आढळले. आयझेनबर्गिएला तायी हे नाव वाचकाला ओळखीचे वाटेल: 576 जोड्यांच्या पाहणीतही ते होते. दोन स्वतंत्र गट, दोन वेगळ्या पद्धती आणि तोच जिवाणू, ही गोष्ट मला या क्षेत्रातील सर्वांत लक्षवेधी वाटते. तरीही उंदरातला परिणाम माणसात तसाच घडतो असे गृहीत धरता येणार नाही, हेही खरे.

आतड्यातला जिवाणू मेंदूतल्या आवरणापर्यंत पोचतो तरी कसा? तो स्वतः बहुधा कुठेच जात नाही. काही वेळा प्रतिकार पेशी फसतात: जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी 2020 मध्ये उंदरांत दाखवले की एका जिवाणूच्या प्रथिनाचा तुकडा मायलिनच्या प्रथिनाशी मिळताजुळता असल्यामुळे टी-पेशी त्याच्याविरुद्ध तयार होतात, आणि शेजारचा दुसरा जिवाणू त्या पेशींना अधिक आक्रमक बनवतो. एकट्या एकट्याने दोघेही फारसे अपायकारक नव्हते, एकत्र आले तेव्हा आजार बळावला. यांपैकी मायलिनशी साम्य असलेला जिवाणू होता लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, जो प्रोबायोटिक म्हणून सर्रास विकला जातो. आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या सगळ्याच पेशी वैरी असतात असेही नाही. टोरांटोतील जेनिफर गॉमरमन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवले की आतड्यात तयार झालेल्या, आयजीए प्रतिद्रव्य बनवणाऱ्या पेशी मेंदूत जाऊन इंटरल्युकिन-10 सोडतात आणि दाह शमवतात.

तिसरा मार्ग रसायनांचा, आणि आहाराशी थेट जोडलेला असल्याने त्यावर जरा थांबायला हवे. जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवतात तेव्हा ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार होतात. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठात आयडेन हागीकिया आणि राल्फ गोल्ड यांच्या गटाला रुग्णांच्या रक्तात व विष्ठेत प्रोपिओनेट कमी आढळले. त्यांनी रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर प्रोपिओनेटच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन मात्रा रोज दिल्या. दोन आठवड्यांत नियामक टी-पेशी वाढल्या, दाहक पेशी कमी झाल्या, आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये झटके व मेंदूचे आकुंचन कमी असल्याचे दिसले. ‘सेल’ मध्ये 2020 साली आलेल्या या अभ्यासाची फार चर्चा झाली. मात्र झटक्यांविषयीचा भाग मागाहून केलेल्या विश्लेषणातून आला होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या आणि कोणाला काय मिळते हे कोणालाच माहीत नसलेल्या चाचणीतून नाही. ज्यांना गुण येतो ते औषध पुढे चालू ठेवतात आणि ज्यांना येत नाही ते सोडून देतात, एवढ्याच कारणानेही असे आकडे चांगले दिसू शकतात.

आता पुन्हा स्थलांतराकडे येऊ. 2018 मध्ये आग्नेय आशियातून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात आलेल्या ह्मोंग आणि करेन समाजातील स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे आल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातील प्रेवोटेला हा वनस्पतिजन्य तंतू पचवणारा जिवाणू-गट मागे पडू लागला आणि पाश्चात्त्य आहारात वाढणारा बॅक्टेरॉइडिस गट त्याची जागा घेऊ लागला. अमेरिकेत जन्मलेल्या पुढच्या पिढीत हा बदल अधिक खोल होता. भारतातही, विशेषतः डाळी-भाकरी-भाज्यांवर भर असलेल्या आहारात, प्रेवोटेलाचे प्राबल्य अनेकदा आढळले आहे. भोपाळच्या आयसर संस्थेच्या 2019 च्या अभ्यासात भोपाळकडच्या लोकांत ते ठळक होते, केरळमधल्या लोकांत चित्र वेगळे होते. अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठातील आशुतोष मंगलम यांच्या कामामुळे या माहितीला निराळाच रंग चढतो: त्यांना अमेरिकी रुग्णांमध्ये प्रेवोटेला कमी आढळला, आणि प्रेवोटेला हिस्टिकोला हा त्याचा एक प्रकार उंदरांना दिल्यावर त्यांचा आजार सौम्य झाला.

इथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: भारतीय आहार, म्हणून प्रेवोटेला, म्हणून कमी आजार. तो टाळावा. प्रेवोटेलाचाच दुसरा एक प्रकार, प्रेवोटेला कोप्री, नव्याने सुरू झालेल्या आमवाती संधिवाताच्या रुग्णांमध्ये वाढलेला आढळला आहे. शिवाय भारतातला आजार आपण समजत होतो तितका दुर्मीळही नाही. एमआरआय सर्वत्र नव्हते तेव्हा लाखात एखादा रुग्ण असे मानले जाई, पण मंगळूरमधील अलीकडच्या पाहणीत हे प्रमाण लाखामागे 8 च्या आसपास निघाले. मुंबईच्या पारशी समाजात तर 1980 च्या दशकातच डॉ. नोशिर वाडिया आणि सहकाऱ्यांना लाखामागे 20 हून अधिक रुग्ण आढळले होते. शेजारपाजार तोच, शहर तेच, तरीही एवढा फरक, तेव्हा जनुकांचे वजन विसरून चालणार नाही. आणि विषाणूंचेही. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेल्या 2022 च्या अभ्यासात एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर या आजाराचा धोका 32 पटींनी वाढलेला दिसला. हा विषाणू बहुतेक सर्व प्रौढांच्या शरीरात असतो आणि आजार मात्र फार थोड्यांनाच होतो. उरलेला फरक ज्या गोष्टी ठरवतात त्यांत ऊन, धूम्रपान आणि किशोरवयातले वजन यांच्या बरोबरीने आतड्यातील जिवाणूही असावेत, असे माझे मत झाले आहे. ते ठिणगी नसतील, पण पेट किती सहज घ्यायचा हे कदाचित तेच ठरवत असतील.

या मताची परीक्षा उपचारांतच होईल, आणि त्या बाबतीत आतड्यातल्या दुसऱ्या रहिवाशांचा, म्हणजे जंतांचा, अनुभव बोलका आहे. अर्जेंटिनातील होर्खे कोर्रेआले यांनी 2007 मध्ये आतड्यात जंत असलेल्या 12 रुग्णांची जंत नसलेल्या 12 रुग्णांशी तुलना केली. जंत असलेल्यांना झटके फारच कमी येत होते, आणि पुढे त्यांपैकी चौघांना त्रासामुळे जंतनाशक द्यावे लागले तेव्हा आजार पुन्हा डोके वर काढू लागला. त्यावरून इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे 71 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांच्या त्वचेवर आकडेकृमीच्या 25 अळ्या सोडल्या, उरलेल्यांना खोटी पट्टी लावली. नऊ महिन्यांनंतर नियामक टी-पेशी थोड्या वाढल्या होत्या, पण मेंदूतील नव्या डागांच्या संख्येत दोन्ही गटांत निर्णायक फरक नव्हता.

त्यामुळे आज रुग्णाने कोणता जिवाणू विकत घ्यावा, याला प्रामाणिक उत्तर नाही. दुकानातील प्रोबायोटिक्सच्या पाकिटांवर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असे लिहिलेले असते, आणि या आजारात नेमकी तीच भलत्या दिशेने सक्रिय झालेली असते, हे लक्षात ठेवलेले बरे. मल-प्रत्यारोपण, म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडणे, हा या आजारावरचा मान्य उपचार नाही. आजाराची गती रोखणारी औषधे मात्र आता अनेक आहेत आणि ती लवकर सुरू केल्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. ती बंद करून आहारावर विसंबल्यास मधल्या काळात झालेले नुकसान भरून निघत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या आणि फळे यांनी तंतुमय पदार्थ वाढवण्यात तोटा नाही. ते हळूहळू वाढवावेत आणि सोबत पुरेसे पाणी प्यावे, म्हणजे बद्धकोष्ठताही कमी होते, आणि तेवढ्यानेही रुग्णाचा दिवस सुसह्य होऊ शकतो. प्रोपिओनेट किंवा इतर कोणतेही पूरक घ्यायचे ठरवले, तर ते मेंदूविकारतज्ज्ञांना सांगून घ्यावे.

एप्स्टाइन-बार विषाणूचा प्रश्न बराचसा सुटला, कारण सैनिकांच्या रक्ताचे नमुने आजार होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून नियमाने घेऊन गोठवून ठेवले होते, आणि त्यामुळे आधी संसर्ग की आधी आजार हे तपासता आले. जिवाणूंबाबत तेच करायचे तर निरोगी माणसांच्या, विशेषतः रुग्णांच्या भावंडांच्या आणि मुलांच्या, विष्ठेचे नमुने वर्षानुवर्षे साठवून त्यांपैकी कोणाला आजार होतो याची वाट पाहावी लागेल. अमेरिकेत रुग्णांच्या जवळच्या नातलगांचा असा दीर्घकालीन पाठपुरावा सुरू आहे. भारतात, जिथे एकाच शहरात पारशी आणि इतर समाज शेजारी राहतात आणि एकाच कुटुंबाची एक पिढी गावात तर दुसरी पुण्या-मुंबईत किंवा लंडनमध्ये वाढते, तिथे अशा अभ्यासाला लागणारी परिस्थिती आयती उपलब्ध आहे.